गलाता मनोरा, पाण्याच्या बाजूने

इस्तंबूलला जाणारा जवळपास प्रत्येक जण गलाता मनोऱ्यावर चढतो, गॅलरीत एक फेरी मारतो, समोरच्या मशिदींचे फोटो काढतो आणि तासाभरात खाली उतरतो. मनोऱ्यावरून शहर बघून होतं, पण मनोरा बघायचा राहूनच जातो. कारण ही वास्तू एकटी उभी राहावी म्हणून बांधलेलीच नव्हती. इटलीतल्या जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांनी १३४८ साली आपल्या वसाहतीची तटबंदी टेकडीच्या माथ्यापर्यंत वाढवली, आणि त्या तटाच्या सर्वांत उंच कोपऱ्यावरचा बुरूज म्हणजे हा मनोरा. तट १८६०च्या दशकात पाडला गेला, बुरूज उरला. तो समजून घ्यायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी, तट जिथून जायचा त्या गल्ल्यांतून वर चढावं आणि मनोऱ्याचं तिकीट सगळ्यात शेवटी काढावं. ही सहल त्याच क्रमाने आखलेली होती.

तयारीचं थोडक्यात. मुंबईहून इस्तंबूलला थेट विमान आहे. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, पण तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा रहिवास परवाना असेल तरच. नसेल तर स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो, त्यासाठी हाताशी पुरेसे दिवस ठेवा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इस्तंबूलकार्ट घेणं. ट्राम, मेट्रो, फ्युनिक्युलर आणि फेरीबोट या सगळ्यांना हे एकच कार्ड चालतं, आणि एका कार्डावर घरातल्या दोघातिघांना आत जाता येतं. राहायला काराकॉय किंवा शिशहाने भाग सोयीचा. मात्र हॉटेल निवडताना नकाशावरचं अंतर बघून फसू नका, चढ बघा. दोनशे मीटर अंतर म्हणून घेतलेली खोली कधी कधी सामानासकट शंभर पायऱ्या चढायला लावते.

पहिला दिवस: काराकॉय, पाण्याची कड

टी-१ ट्रामने काराकॉयला उतरलं की समोर गोल्डन हॉर्न. बॉस्फरस सामुद्रधुनीतून आत घुसलेली ही चिंचोळी खाडी म्हणजे या शहराचं नैसर्गिक बंदर. दक्षिणेला जुनं कॉन्स्टँटिनोपल, उत्तरेला गलाता. ऑक्टोबर संपत आला होता आणि ईशान्येचा वारा सुटला होता. त्याला इथे पोयराझ म्हणतात. आकाश स्वच्छ, ऊन चांगलं, पण धक्क्यावर उभं राहिलं की कानात गार वारा शिरतो. कानटोपी नसली तरी एक मफलर हवाच.

फेरीच्या धक्क्यापासून दोन मिनिटांवर येराल्ती जामी आहे. बाहेरून ही मशीद आहे हे पटकन कळत नाही. आत गेलं की छत एकदम डोक्याशी येतं. बुटके, जाडजूड ५४ खांब, नऊ-नऊच्या सहा रांगांत, आणि त्यांच्यावर वीटकामाच्या कमानी. नमाज पढायची जागा म्हणजे खांबांमधले बोळच. १७५७ मध्ये तिची मशीद झाली. त्याआधी हे तुर्कांच्या आधीच्या बायझंटाइन साम्राज्याच्या काळातल्या किल्ल्याचं तळघर होतं, असं मानलं जातं. या किल्ल्याला बांधलेली लोखंडी साखळी खाडीच्या तोंडावरून पलीकडे, आजच्या सिर्केजीजवळच्या बुरुजापर्यंत ताणली जायची. साखळी वर घेतली की शत्रूचं जहाज बंदरात येऊ शकत नसे.

इथे एक घोटाळा मिटवायला हवा, कारण बऱ्याच माहितीपत्रकांत आणि वाटाड्यांच्या तोंडी तो सापडतो. '१२०३ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या सैन्याने गलाताचा बुरूज घेतला आणि साखळी सोडली' हे खरं आहे, पण तो बुरूज म्हणजे आजचा मनोरा नव्हे. तो किनाऱ्यावरचा जुना बुरूज होता. आजच्या मनोऱ्याच्या पायथ्याची जमीनच समुद्रापासून ३५ मीटर उंच आहे. तिथून बंदराची साखळी बांधायची म्हणजे अर्धी टेकडी ओलांडून न्यावी लागेल. येराल्ती जामीत आधी जाऊन आलं की हा फरक सांगावा लागत नाही, पायांनाच कळतो.

मशिदीत जाताना बूट काढून हातात किंवा कप्प्यात ठेवायचे, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. नमाजाच्या वेळा टाळा. आत कबरी आहेत, लोक तिथे दुआ मागत बसलेले असतात, त्यामुळे फोटो घ्यायचा तर आधी विचारा.

दुपारी काराकॉयच्या धक्क्यामागे मासे. तव्यावर बांगड्याच्या जातीचा मासा काटे काढून भाजतात, पातळ रोटीत कांदा, पालेभाजी, डाळिंबाचा आंबट पाक आणि तिखट मसाला घालून गुंडाळतात, आणि ती गुंडाळी पुन्हा तव्यावर दाबून कुरकुरीत करतात. कोकणातल्या जिभेला हे लगेच पटतं. शाकाहारी मंडळींनी मसुराचं सूप मागावं, त्याला मेर्जिमेक चोर्बासी म्हणतात. लिंबू पिळून आणि लाल मिरचीची भरड घालून ते वरणाच्या जवळ जातं. पण काही ठिकाणी ते मटणाच्या पाण्यात शिजवतात. 'एत सुयू वार म?' एवढं विचारलं की प्रश्न मिटतो. चिग कोफ्ते हे नावावरून मांसाहारी वाटतं, पण दुकानांत मिळतं ते गव्हाच्या दलियाचं आणि मसाल्याचं असतं, बिनधास्त खावं.

दुसरा दिवस: बाजारातून तटाकडे

हा दिवस कामाच्या वारीच ठेवा. रविवारी पेर्शेम्बे पाझारी या बाजाराची शटरं बंद असतात आणि मग या भागात बघण्यासारखं निम्मंही उरत नाही.

काराकॉयहून पश्चिमेला, खाडीला समांतर चालत गेलं की हा लोखंडी सामानाचा बाजार लागतो. पंप, व्हॉल्व्ह, दोरखंड, नांगर, जहाजाचे दिवे, बोल्ट. साखळीच्या दुकानात कड्यांच्या जाडीप्रमाणे पिंपं लावलेली असतात. गिऱ्हाईक लांबी सांगतं, दुकानदार साखळी लाकडी फळीवर पसरून फळीवरच्या खिळ्यांशी मोजतो आणि एक कडी मोठ्या कात्रीत धरून तोडतो. तेवढ्यात चहावाला पोरगा तीन साखळ्यांना टांगलेलं ताट झुलवत येतो, पेला फळीवर ठेवतो आणि न बोलता पुढच्या दुकानात जातो. पेला कमरेत बारीक असतो, काठाला धरायचा. दूध नसतं, साखरेचे दोन खडे बशीत. दुकानदाराने चहा पुढे केला तर नाही म्हणू नका, त्यात विकत घ्यायची सक्ती नसते.

याच बाजारात १४५३ मध्ये शहर जिंकणारा तुर्क सुलतान मेहमेद दुसरा याच्या काळाशी जोडलेलं नऊ घुमटांचं बेदेस्तेन, म्हणजे छपराखालचा बाजार आहे, आणि मिमार सिनान या वास्तुकाराने बांधलेला रुस्तम पाशाचा हान, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई आहे. हानात अजून कारागीर बसतात. चौकातला चौपदरी जिना आवर्जून बघा. ही जागा आधी जिनोआवाल्यांच्या सान मिकेले चर्चची होती.

तिथून अराप जामी. चौदाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डोमिनिकन साधूंनी बांधलेलं हे चर्च, मेहमेदाच्या कारकिर्दीत त्याची मशीद झाली आणि पुढे स्पेनमधून हाकललेल्या मुसलमानांना ती दिली गेली. मिनार चौकोनी आहे, वर निमुळतं छप्पर आहे. कारण तो मिनार नाहीच मुळात, चर्चचा घंटाघर-मनोरा आहे. त्याच्या पोटातून कमानीखालून रस्ता जातो. त्या बोळात उभं राहून वर बघितलं तर टोकदार गॉथिक कमान स्पष्ट दिसते. या शहरात असं काम दुसरीकडे जवळजवळ नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्तीत फरशी काढली तेव्हा खाली जिनोआच्या माणसांच्या कबरींचे दगड निघाले, ते पुरातत्त्व संग्रहालयात नेले. अंगणातल्या कारंज्यापाशी सावली आणि बाकं आहेत. दहा मिनिटं तरी बसा, पुढे चढ आहे.

आता तट. खाडीवरच्या मेट्रो पुलाच्या टोकाजवळ यानिक कापी सोकाक नावाची गल्ली आहे. तिच्यात जिनोआवाल्यांच्या तटाचा उरलेला एकमेव दरवाजा आहे. कसलीही पाटी नाही, तिकीट नाही. दोन्ही बाजूंना कामाच्या शेड, आणि मध्ये कमान. महाराष्ट्रातले किल्ले फिरलेल्यांना इथे काय बघायचं ते सांगायला नको, तरीही तीन गोष्टी सांगतो. एक, कमानीवरचा फलक: मधे जिनोआचा क्रूस आणि दोन्ही बाजूंना घराण्यांची चिन्हं, त्यातलं एक दोरिया घराण्याचं. दोन, भिंतीचा काप: बाहेरून घडीव दगड, आत चुन्यात बसवलेली खडी आणि दगडांचा भराव, मधूनमधून विटांचे थर. तीन, दरवाजाची उंची. रस्त्याची पातळी शतकानुशतकं भर पडून वर आली आहे, त्यामुळे कमान आज बुटकी दिसते.

तट उभा कसा राहिला ही गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १२६१ मध्ये बायझंटाइन सम्राट मिखाइल आठवा याने जिनोआशी तह केला आणि १२६७ मध्ये त्यांना गलातात वसायला जागा मिळाली. १२९६ मध्ये व्हेनिसच्या आरमाराने ही वस्ती जाळली. मग १३०३ मध्ये सम्राटाने वसाहतीची हद्द आखून दिली: किनाऱ्यालगतचा पट्टा, आणि तट बांधायचा नाही ही अट. त्यांनी आधी खंदक खणला, मग खंदकाच्या काठावर दगडी, उंच घरं एकमेकांना चिकटून बांधली, आणि हळूहळू त्यांचा तटच झाला. तरी टेकडी हद्दीबाहेर होती. माथ्यावर जो बसेल तो खालच्या वस्तीत दगड टाकू शकतो. वज्रगड पडला की पुरंदर सांभाळणं कठीण होतं, तेच इथे होतं.

१३४८ मध्ये सम्राट जॉन कांताकुझेनोस राजधानीबाहेर असताना त्यांनी टेकडी ताब्यात घेतली आणि माथ्यावर बुरूज चढवला. भांडण जकातीचं होतं. ग्रीक इतिहासकार निकेफोरोस ग्रेगोरासने आकडे दिले आहेत: गलाताचं वर्षाचं जकात उत्पन्न दोन लाख सुवर्णनाणी, आणि समोरच्या राजधानीचं जेमतेम तीस हजार. सम्राटाने आपली जकात उतरवून जहाजं पुन्हा स्वतःच्या बंदराकडे वळवायचा आणि नवं आरमार उभारायचा प्रयत्न केला. १३४९च्या वसंतात ते आरमार हरलं, आणि बुरूज राहिला. मनोऱ्यावरून दिसणारं दृश्य सगळे वाखाणतात. पण तो बांधला गेला तो जकातीच्या पैशावर आणि त्या पैशाच्या रक्षणासाठी, हे मला त्या दृश्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वर चढताना बांकालार जादेसी, म्हणजे बँकांचा रस्ता लागतो. जिनोआच्या अधिकाऱ्याचा चौदाव्या शतकातला वाडा याच रस्त्याला लागून आहे. एकोणिसाव्या शतकात रस्ता रुंद करताना त्याचा पुढचा भाग कापला गेला, म्हणून मागच्या गल्लीत जाऊन मागची भिंत बघायची. थोडं पुढे १८९२ची ऑटोमन बँकेची इमारत आहे, तिथे आता साल्त गलाता हे प्रदर्शन आणि ग्रंथालय चालतं. प्रवेश फुकट, स्वच्छतागृह चांगलं, आणि तळघरातली जुनी तिजोरी बघण्यासारखी. समोर कामोंदो जिना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामोंदो या बँकर घराण्याने बांधलेला, दोन बाजूंनी वळत जाऊन पुन्हा एकत्र येणारा. फोटोसाठी सकाळी आठच्या आत या. नंतर प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभं असतं.

जेवायला या भागात एस्नाफ लोकांता शोधा. दुकानदारांसाठीच्या खानावळी असतात या, काचेमागे ट्रे मांडलेले. बोट दाखवायचं आणि घ्यायचं. ऑलिव्ह तेलातली गार भाजी, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात हे शाकाहारी ताट बहुधा मिळतं. घेवड्यात मांसाचे तुकडे नाहीत ना ते बघून घ्या. दोननंतर ट्रे रिकामे होऊ लागतात, म्हणून साडेबाराला पोचा.

तिसरा दिवस: मनोरा

सकाळी ढग होते, वारा पडला होता. मनोऱ्याला दोन वाटा आहेत. खालून कामोंदो जिन्याने, किंवा वरून. गुडघे दुखत असतील तर काराकॉयहून तुनेल फ्युनिक्युलर घ्या. ही १८७५ची, लंडननंतर जगातली दुसरी शहरी भुयारी रेल्वे, लांबी ५७३ मीटर. वरच्या स्टेशनातून वाद्यांच्या दुकानांच्या गलिप देदे जादेसीने पाच-सात मिनिटं उतार उतरलं की मनोरा.

तिकिटाच्या रांगेत जाण्याआधी बाहेरून एक फेरी घाला. जवळच्या सेंट पीटर आणि पॉल चर्चची मागची बाजू जुन्या तटालाच टेकलेली आहे. बुयुक हेंदेक आणि कुचुक हेंदेक हे दोन रस्ते तटाबाहेरच्या खंदकाच्या जागेवरून जातात. नकाशा हातात धरून हे रस्ते चालले की तट मनोऱ्यापाशी येऊन कसा वळत होता ते उमगतं.

आता भिंत. जवळ जाऊन हात लावावा अशी आहे. खालच्या भागात ओबडधोबड दगड, सांध्यांत जाड चुना. मनोऱ्याचा बाहेरचा व्यास १६.४५ मीटर, आतला ८.९५ आणि भिंतीची जाडी ३.७५ मीटर. म्हणजे व्यासातला जवळपास अर्धा भाग भिंतीनेच खाल्ला आहे. टोकावरचा कळस सोडून उंची ६२.५९ मीटर. पण हे सगळं जिनोआचं नाही. खालचे तीन मजले त्यांच्या काळचे मानले जातात, वरचं काम तुर्कांचं. जमिनीवरून नजर वर नेत गेलं तर हा बदल दिसतो: खाली भिंतीत अरुंद फटी, वर मोठ्या अर्धगोल कमानींच्या खिडक्या. लढाईचा बुरूज टेहळणीचा मनोरा झाला तो असा. दाराजवळच्या एका फलकावर २९ मे १४५३ च्या मंगळवारी सकाळी गलाताच्या किल्ल्या सुलतान मेहमेदला दिल्या गेल्याची नोंद आहे, आणि दारावरचा लेख सुलतान महमूद दुसरा याच्या दुरुस्तीचा आहे.

ती दुरुस्ती का करावी लागली हेही ऐकण्यासारखं आहे. सोळाव्या शतकात इथे कासिमपाशाच्या गोदीत राबणारे युद्धकैदी ठेवत. १७१७ पासून मनोरा आगीच्या पहाऱ्यासाठी वापरात आला. लाकडी घरांचं शहर, कुठे धूर दिसला की वरून नगारा वाजायचा. आणि पहारा देणारा हा मनोराच १७९४ मध्ये आणि पुन्हा १८३१ मध्ये जळाला. दगडी कवचाच्या आत मजले आणि जिने लाकडाचे होते, वर लाकडी छप्पर. एकदा आग आत शिरली की हे नळकांडं धुराड्यासारखं ओढ घेतं. १८७५ च्या वादळात निमुळतं छप्पर उडालं, त्यानंतर जवळजवळ ९० वर्षं मनोरा त्याच्याशिवाय होता. १९६५ ते ६७ च्या कामात आतले लाकडी मजले काढून काँक्रीटचे केले आणि छप्पर पुन्हा बसवलं. जुन्या फोटोंत निमुळत्या छपराविना मनोरा दिसतो तो यामुळे.

२०२० पासून मनोरा संग्रहालय आहे. पूर्वी वर रेस्टॉरंट होतं, ते गेलं, हे बरंच झालं. परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट महाग आहे, ३० युरोच्या आसपास, आणि दर बदलत राहतो. तोपकापी राजवाडा आणि पुरातत्त्व संग्रहालयही बघायचं असेल तर म्युझियम पास इस्तंबूल परवडतो का ते बघा. हागिया सोफिया त्यात येत नाही, हे लक्षात ठेवा. पास असला तरी लिफ्टची रांग चुकत नाही.

लिफ्ट अगदी वरपर्यंत जात नाही. शेवटचे मजले अरुंद जिन्याने चढायचे, आणि उतरताना प्रदर्शनाचे मजले बघत पायऱ्यांनी खाली यायचं. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी गॅलरीपर्यंत नेता येत नाही. ज्येष्ठांना वर नेणार असाल तर शेवटच्या जिन्याचा आधीच विचार करा. उतरताना घाई करू नका. भिंतीत कोरलेल्या खिडक्यांच्या खोबणीत उभं राहिलं की पावणेचार मीटर म्हणजे काय ते कळतं, आणि हे गॅलरीतून दिसत नाही.

गॅलरी इतकी अरुंद आहे की दोन माणसं एकमेकांना घासून जातात. गर्दी तुंबते ती दक्षिणेला, जुन्या शहरासमोर. तिथे डावीकडून उजवीकडे तोपकापी, हागिया सोफिया, पाण्यालगत येनी जामी आणि पुढे सुलेमानिये. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं, तेव्हा घुमटांचे तपशील दिसतात. दुपारनंतर सूर्य त्यांच्या मागे जातो आणि फक्त कडा उरतात. फोटो कसला हवा त्यावर वेळ ठरवा. सूर्यास्ताच्या वेळी रांग सर्वांत लांब असते. उघडण्याच्या वेळी पोचणं केव्हाही चांगलं.

पण माझ्या मते गॅलरीतली खरी दिशा पश्चिमेची आहे, जिकडे कुणी थांबत नाही. तिकडून खाली अराप जामीचं चौकोनी घंटाघर, मेट्रोचा पूल आणि आदल्या दिवशीची दरवाजाची गल्ली ओळखता येते. तिथपासून मनोऱ्यापर्यंत छपरांवरून नजरेने एक रेघ ओढली की तट पुन्हा उभा राहतो. याच टेकडीच्या मागून २२ एप्रिल १४५३ च्या आदल्या रात्री मेहमेदने सुमारे ७० जहाजं जमिनीवरून ओढत खाडीत उतरवली. साखळी जागच्या जागी होती आणि निरुपयोगी झाली होती.

चौथा दिवस: बेशिक्ताश आणि उस्कुदार

रात्रीत वारा फिरला. नैर्ऋत्येचा लोदोस सुरू झाला: ऊबदार, दमट, डोकं जड करणारा. सकाळी बेशिक्ताशच्या नौदल संग्रहालयात. फेरीच्या धक्क्याला लागूनच आहे, सोमवारी बंद. बंदराच्या साखळीचा एक भाग इथे ठेवला आहे, आणि सुलतानांच्या लांबलचक वल्हवायच्या होड्यांबरोबर एक जुनी कादिर्गा, म्हणजे वल्ह्यांची युद्धनौका. अशा नौका अंगाने हलक्या आणि पाण्यातून फार वर न येणाऱ्या. साखळीने त्या का अडत, हे समोर बघून चटकन कळतं.

दुपारी बोटीने उस्कुदार आणि तिथून चढ चढून दोआंजिलार. हेझारफेन अहमद चेलेबी सतराव्या शतकात पंख बांधून गलाता मनोऱ्यावरून उडाला आणि बॉस्फरस ओलांडून इथे उतरला, असं प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो. त्या दिवशी लोदोसच होता, असंही तो सांगतो. दुसऱ्या कुणीही ही घटना नोंदवलेली नाही. हिशोब करून बघा: मनोऱ्याच्या छपराचं टोक समुद्रापासून जेमतेम ९८ मीटरवर, आणि अंतर तीन किलोमीटरच्या पुढे. म्हणजे एक मीटर खाली येताना तीस मीटरहून जास्त पुढे जायला हवं, आणि दोआंजिलार पाण्याच्या पातळीवर नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. आजचा चांगला हँग ग्लायडर एका मीटरला साधारण पंधरा मीटर जातो. इथून मनोरा किती लांब आणि किती बुटका दिसतो ते बघितलं की आकडेमोडीची गरजही उरत नाही.

परतीच्या वेळी लाटा धक्क्यावर चढत होत्या आणि फेऱ्या एकेक करून रद्द होत होत्या. लोदोसमध्ये हे नेहमीचं. अशा वेळी धक्क्यावर वाट बघत बसू नका. उस्कुदारच्या चौकातच मार्मारायचं स्टेशन आहे. समुद्राखालून जाणारी गाडी पुढच्याच थांब्याला, सिर्केजीला सोडते, आणि तिथून टी-१ ट्राम गलाता पुलावरून काराकॉयला येते. कार्डात दोघांच्या परतीचे पैसे आहेत ना, एवढं सकाळीच बघून ठेवा. अशा दिवशी स्टेशनातल्या रिचार्जच्या यंत्रांपुढे मोठी रांग लागते.